मोसंबीची साल कुणाची?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, बस, ट्रक आणि सिग्नलपाशी घामाघूम झालेली माणसं. जिथे माणूस उन्हात थांबतो तिथे रसाची गाडी उभी राहते, हा आपल्याकडच्या शहरांचा नियमच आहे. गाडीवर मोसंबीचा ढीग, एक यंत्र, काचेचे ग्लास, काळं मीठ. आणि गाडीच्या मागे किंवा खाली एक पोतं. रस निघाला की साल त्या पोत्यात. आपलं लक्ष ग्लासाकडे असतं. या लेखात आपण पोत्याकडे बघणार आहोत.

पोतं हलकं नसतं. मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस काढला की फळाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग मागे उरतो: साल, तिच्या आतला पांढरा थर, बिया, चोथा. ग्लासात जेवढं उतरतं, जवळपास तेवढंच पोत्यात पडतं. आणि या ओल्या सालीतही बहुतांश असतं ते पाणीच. महाराष्ट्रातली मोसंबी म्हटलं की जालना आणि छत्रपती संभाजीनगरचा पट्टा आठवतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच पट्ट्यातल्या बागा वाळल्या. शेतकऱ्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला, आणि जी जगली नाहीत त्यांच्यावर स्वतःच कुऱ्हाड चालवली. अशा मुलखातून आलेल्या फळाचा निम्मा भाग आपण बघतही नाही.

यावर आपल्या सगळ्यांकडे एक तयार उत्तर असतं: वाया घालवू नका, वापरा. ताटात टाकू नये, हे आपण घरीच शिकलो. शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’ शिकलो. आता मोबाइलवर ‘झीरो वेस्ट’ शिकतोय. उत्तर चांगलंच आहे. पण ते पुरेसं आहे का? एखादी गोष्ट वाया जाऊ दिली नाही, एवढ्यावरून आपण बरोबर वागलो असं म्हणता येईल का? मला वाटतं, नाही. आणि ते का, हे सांगायला मोसंबीची साल फार उपयोगी पडते.

सालीत दडलेलं

आधी सालीची लायकी बघू. फुगवलेल्या रबरी फुग्याजवळ संत्र्याची ताजी साल दुमडून पिळा. सालीतून उडालेला बारीक फवारा फुग्यावर पडला की फुगा फुटतो. सालीच्या वरच्या थरात तेलाचे बारीक कोष असतात. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते रबराला कमजोर करतं. थर्माकोलसुद्धा लिमोनीनमध्ये विरघळतो. ग्रीस, डिंक, स्टिकरचा चिकटपणा काढणाऱ्या कितीतरी द्रावणांमध्ये तेच असतं. फरशी पुसायच्या द्रवाला ‘संत्र्याचा’ वास येतो तोही बऱ्याचदा या तेलाचाच.

तेलाच्या खालचा पांढरा थर आपण कडू म्हणून सोलून टाकतो. त्यात पेक्टिन असतं. जॅम किंवा जेलीच्या बाटलीवर बारीक अक्षरांत आयएनएस ४४० असं लिहिलेलं दिसलं तर ते पेक्टिन. जॅम डब्यात पाण्यासारखा हिंदकळत नाही तो त्याच्यामुळे. जगातलं बरंचसं पेक्टिन लिंबूवर्गातल्या फळांच्या साली आणि सफरचंदाचा चोथा यांतून निघतं.

उरलेला चोथा जनावरांना. फ्लोरिडात आणि ब्राझीलमध्ये रसाचे कारखाने इतके मोठे आहेत, की सालीचं काय करायचं हा त्यांच्यापुढचा पहिल्यापासूनचा प्रश्न. ओली साल दोन दिवसांत आंबते. दाबली तरी पाणी सोडत नाही, कारण पेक्टिनने ते धरून ठेवलेलं असतं. मग तिथे सालीला चक्क चुना लावतात. चुन्याने पेक्टिनची पकड सुटते, पाणी निघून जातं, आणि वाळवलेल्या चोथ्याच्या गोळ्या गाईंचं खाद्य म्हणून देशोदेशी जातात.

आपल्या घरांनाही हे नवं नाही. दिवाळीच्या उटण्यात संत्र्याच्या सालीची पूड असते. पिळलेल्या लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन तांब्याचा गडू घासला की लखलखतो, कारण आम्लामुळे तांब्यावरचा काळपट थर विरघळतो. लिंबाच्या लोणच्यात तर साल फेकायचा प्रश्नच नसतो. मिठात महिना-दोन महिने मुरली की तीच सगळ्यात आधी संपते.

आता एक हिशेब. सध्या घराघरांत ‘बायो-एन्झाइम’ बनतं. प्रमाण ठरलेलं आहे: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. म्हणजे ३०० ग्रॅम साल वाया जाऊ नये म्हणून आपण १०० ग्रॅम गूळ आंबवतो. साल फुकट आली होती. गुळाला मात्र ऊस लागला, उसाला पाणी लागलं, आणि तो तोडायला कुणीतरी आपलं गाव सोडून आलं. बाजारातली रसायनं टाळायची म्हणून हा द्रव बनवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण ‘काहीच वाया गेलं नाही’ हे वाक्य किती घाईचं असतं, ते या गुळाच्या खड्यावरून कळतं. एका ठिकाणची नासाडी थांबवताना दुसरीकडून काय उचललं, तेही वहीत मांडायला हवं.

‘उप’ कुणी ठरवलं?

सालीला उद्योगाच्या भाषेत ‘उपउत्पादन’ म्हणतात. मुख्य रस, उप म्हणजे साल. हे इतकं उघड वाटतं की कुणी विचारत नाही, हा क्रम ठरवला कुणी?

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात शिनह्वी नावाचा भाग आहे. तिथे एका जातीच्या संत्र्याची साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात. तिला चनपी म्हणतात. ती औषधात पडते, चहात पडते, रस्स्यात पडते, आणि जितकी जुनी तितकी महाग. तिथे पिढ्यान् पिढ्या साल ठेवून आतला गर टाकून देत. इटलीच्या कॅलाब्रियात बर्गमॉट नावाचं फळ पिकतं. त्याच्या सालीचं तेल ‘अर्ल ग्रे’ चहात आणि अत्तरांत जातं. रस आंबट-कडू, म्हणून तो तिथला ‘उप’.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग आहे. तेही लिंबाच्याच कुळातलं. म्हाळुंग कापून बघितलं तर आत रस नावापुरता, सगळी जाडी सालीची. रसाच्या यंत्रात घातलं तर ते जवळजवळ पूर्णच ‘कचरा’ ठरेल. देवीच्या हातात मात्र ते फळ म्हणूनच आहे.

म्हणजे कचरा असणं हा वस्तूचा गुण नाही. ते एक नातं आहे. कुणाला काय हवं होतं, आणि ते मिळाल्यावर त्याने काय सोडून दिलं, यावर ते ठरतं. ज्याच्या हातात यंत्र, तो मुख्य काय आणि उप काय ते ठरवतो.

या नात्याची सगळ्यात मजेशीर कथा कोस्टारिकातली आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या ग्वानाकास्ते या संरक्षित जंगलाला लागून देल ओरो नावाची रस कंपनी होती. डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने कंपनीपुढे एक सौदा ठेवला: तुमच्या मालकीचं जंगल उद्यानाला द्या, बदल्यात उद्यानातल्या ओसाड कुरणावर तुमच्या साली टाका. हजारेक ट्रक, सुमारे १२,००० टन साल आणि चोथा तिथे पडला. प्रतिस्पर्धी कंपनीने दावा लावला की हे राष्ट्रीय उद्यान घाण करणं आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू घेतली आणि काम थांबलं. सगळे ती जागा विसरून गेले. सोळा वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा साल कुठे पडली होती ते ओळखू येईना, कारण तिथे दाट झाडी माजली होती. शेजारच्या साल न पडलेल्या तुकड्यापेक्षा तिथलं जमिनीवरचं जैववस्तुमान १७६ टक्क्यांनी जास्त भरलं. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट आपल्याकडे ‘कचऱ्यातून जंगल’ अशा मथळ्याने फिरते, आणि लोक खूश होतात. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या सालीवरून दोन कंपन्या आणि एक न्यायालय यांच्यात वाद चालला होता, ती सगळा वेळ तिसरंच कुणीतरी घेत होतं. माती, माश्या, बुरशी, बिया. त्यांना कुणी पक्षकार केलं नव्हतं.

हे लक्षात ठेवून आता चौकातल्या पोत्याकडे परत येऊ.

पोत्याचा रस्ता

शहरातल्या रसाच्या गाडीवरून साल बहुधा दोन ठिकाणी जाते. एक, घंटागाडीत आणि तिथून खतप्रकल्पाकडे. दोन, गोठ्यात. दोन-चार म्हशी पाळणारा कुणीतरी रोज संध्याकाळी येतो आणि पोतं उचलतो. पैसे देत नाही किंवा नावाला देतो. गाडीवाल्याची जागा साफ होते, म्हशींची वैरण वाचते. कागद नाही, करार नाही.

समजा उद्या एक कंपनी आली. तेल काढायचं, पेक्टिन काढायचं, उटण्याची पूड करायची. कल्पना चांगली, तरुण मुलांची, पर्यावरणाचं भलं करणारी. ती गाडीवाल्याला म्हणते, किलोला दोन रुपये देतो. गाडीवाला हो म्हणणारच, आणि म्हणावंच. उन्हात दिवसभर उभं राहणाऱ्याला दोन रुपये कमी नसतात. कंपनीचा फलक म्हणतो, ‘शहरातली अमुक टन साल आम्ही वाया जाण्यापासून वाचवली.’ संध्याकाळी म्हशीवाला येतो आणि रिकाम्या जागेकडे बघून परत जातो.

फलकावरचं वाक्य खोटं आहे. ती साल वाया जात नव्हती. ती म्हशीच्या पोटात जात होती. फक्त त्या जाण्याला किंमत नव्हती, म्हणून ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. ज्याला किंमत नाही ते ‘वाया’, ही आपल्या काळाची सवय आहे, आणि तिच्यामुळे आपल्याला माणसं दिसेनाशी होतात.

यात आणखी एक धोका आहे. किंमत जशी येते तशी जाते. एकेकाळी जगातलं सायट्रिक ॲसिड, आपलं ढोकळ्यात पडणारं लिंबूसत्त्व, लिंबाच्या रसापासून होत असे, आणि त्याचा कच्चा माल प्रामुख्याने इटलीतून येई. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने साखरेवर काळी बुरशी वाढवून तेच आम्ल मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९१९ मध्ये फायझर कंपनीने तसं उत्पादन सुरू केलं. थोड्याच वर्षांत इटलीचा तो धंदा बसला. आज पाकिटावर लिंबाचं चित्र असतं, आत लिंबू नसतं. उद्या सालीच्या तेलालाही असा पर्याय निघाला तर कंपनी पोतं उचलायचं थांबवेल. तोवर म्हशीवाल्याने म्हशी विकलेल्या असतील. मग मात्र साल खरोखरच वाया जाईल.

सरवा

पण म्हशीवाल्याचा त्या सालीवर काही हक्क होता का? मोसंबी गाडीवाल्याने विकत घेतली, साल त्याची, तो ती कुणालाही विकेल. कायद्याने उत्तर सोपं आहे. नीतीने तितकं सोपं नाही.

सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन लॉक हा खाजगी मालमत्तेचा मोठा वकील. त्याचं म्हणणं असं होतं की झाडाखालची फळं सगळ्यांची असतात, जो ती गोळा करतो त्याच्या श्रमाने ती त्याची होतात. पण त्यानेही एक अट घातली: नासण्याआधी जेवढं वापरता येईल तेवढंच घ्यावं. त्यापुढचं जे घेतलं ते दुसऱ्याच्या वाट्यातलं. म्हणजे नासाडी वाईट का? वस्तू बिचारी नासते म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणाला ती उपयोगी पडली असती म्हणून. नासाडीच्या विचाराच्या मुळाशी पहिल्यापासून दुसरा माणूस आहे. आपण ‘झीरो वेस्ट’ म्हणताना त्यालाच विसरतो.

आपल्या शेतीत या दुसऱ्या माणसासाठी एक शब्द होता, अजूनही आहे: सरवा. पीक काढून झालं की शेतात पडलेली कणसं, शेंगा, बोंडं वेचणं म्हणजे सरवा वेचणं. ज्यांना शेत नाही अशा बायका आणि पोरं पाट्या घेऊन येत. शेतकरी बघून न बघितल्यासारखं करी. शेत अगदी झाडून-पुसून न्यायचं नसतं, एवढं न लिहिलेलं शहाणपण त्यात होतं. ज्यूंच्या आणि ख्रिश्चनांच्या जुन्या धर्मग्रंथातही शेताचे कोपरे कापू नयेत, गळलेलं वेचू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावं अशी आज्ञा आहे. महाभारतात तर असं वेचून जगण्याला उंछवृत्ती म्हणून मान आहे.

या नजरेने बघितलं की म्हशीवाला पोतं उचलतो तेव्हा तो शहरातला सरवा वेचत असतो. आणि प्रत्येक साल, प्रत्येक चोथा, प्रत्येक बी पैशात बदलणारी व्यवस्था म्हणजे शेत झाडून-पुसून नेणारा शेतकरी. ती कार्यक्षम असेल. उदार नाही.

इथवर आलो की वाटतं, उत्तर मिळालं: उरलेलं गरिबांसाठी सोडा. पण इथे थांबता येत नाही. निदान महाराष्ट्रात तरी नाही.

उष्टं

‘उरलेलं त्यांचं’ हे वाक्य याच मातीत शतकानुशतकं बोललं गेलं. गावगाड्यात काही जातींच्या वाट्याला उष्टं अन्न, शिळे तुकडे आणि मेलेली ढोरं होती. आणि गंमत अशी, की गाव ते हक्क म्हणून सांगत असे. हा तुमचा मान, हा तुमचा वाटा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, फेकलेले तुकडे घेणं सोडा. पोट भरत होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण जो वाटा घेण्यासाठी मान खाली घालावी लागते, तो पोट भरताना माणूस लहान करतो, हे त्यांना त्याहून जास्त ठाऊक होतं.

मग सरव्याचं गुणगान करणारे आपण कुठे उभे राहतो? उरलेल्यावर गरिबाचा हक्क सांगावा, तर आपण त्याला कायम उरलेल्यावरच ठेवतो. हक्क नाकारावा, तर जो घास होता तोही काढून घेतो. मला हा खरा पेच वाटतो, आणि चांगल्या मनाची माणसं तो टाळतात. कुणी शिळं अन्न वाटून समाधान मानतं, कुणी कारखाना काढून.

या पेचातून वाट काढणारं एक उदाहरण नाशिकपासून फार दूर नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव, लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. शहर त्यांना घाण उपसणाऱ्या बायका म्हणून ओळखत होतं, पोलीस संशयाने बघत होते. कचऱ्याला किंमत आहे हे गाडीवाल्या ठेकेदारांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्यावर नेमकी म्हशीवाल्याची वेळ येऊ घातली होती. त्यांनी दया मागितली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: शहराचा कचरा वेगळा करून पुन्हा वापरात आणायचं काम आम्ही इतकी वर्षं केलं, ते काम आहे, आणि त्यावर पहिला हक्क आमचा. पुढे त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. कचरावेचक बाई आता ओळखपत्र लावून दारात येते, घराकडून दरमहा शुल्क घेते, आणि विकण्याजोगा माल तिचा असतो. देशाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

सगळं आलबेल झालं असं नाही. करार संपतात, नवे ठेकेदार येतात, वाद पुन्हा होतात. पण विचार म्हणून तिथे काहीतरी महत्त्वाचं घडलं. वस्तू तीच, प्लास्टिकची बाटली. ती वेचणारी बाईही कदाचित तीच. बदललं ते एवढंच, की तिला विचारल्याशिवाय आता व्यवहार होत नाही, आणि तिला ‘नाही’ म्हणता येतं.

उष्टं आणि वाटा यांतला फरक मला इथे सापडतो. तो वस्तूत नाही. शिळी भाकरी, मोसंबीची साल, रिकामी बाटली, काहीही दोन्ही असू शकतं. ज्याला मिळतंय त्याला नाकारता येत नसेल, भाव करता येत नसेल, उद्या बंद झालं तर जाब विचारता येत नसेल, तर ते उष्टं. येत असेल तर तो वाटा.

मग करायचं काय?

हे कंपन्यांच्या विरोधातलं बोलणं नाही. सालीतून तेल निघावं, पेक्टिन निघावं, विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या फळाला त्यामुळे दोन पैसे जास्त मिळाले तर फारच चांगलं. सगळी साल म्हशींनीच खावी असं म्हणण्यात शहाणपण नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. ‘याचं काय करता येईल?’ हा प्रश्न आपण पहिला विचारतो. त्याआधी एक प्रश्न हवा: ‘हे आत्ता कुणाकडे जातंय?’ आणि उत्तरात एखादा माणूस सापडला, तर त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढचं पाऊल नको. तोच साल गोळा करण्याचं काम पगारावर घेईल. तेल काढून उरलेला चोथा त्यालाच ठरलेल्या दराने मिळेल. किंवा तो म्हणेल, मला यातलं काही नको, मी दुसरं बघतो. उत्तर त्याचं असेल.

हा भार गाडीवाल्यावर टाकायचा नाही, कारण दोन रुपये नाकारायची चैन त्याला परवडत नाही. तो ज्याच्याकडे निवड आहे त्याच्यावर: कंपनी, महापालिका, आणि ‘शून्य कचरा’ असा शिक्का बघून वस्तू उचलणारे आपण. तुमच्यातले काही जण उद्या असाच एखादा उद्योग सुरू करतील. काही जण महाविद्यालयाच्या स्पर्धेत ‘सालीपासून अमुक’ असा प्रकल्प मांडतील. त्या सादरीकरणात एक पान वाढवता येईल: आजवर ही साल कोण घेत होतं, आणि आपण आल्यावर त्याचं काय होईल.

घरातही हे लागू आहे. लिंबाची साल घंटागाडीत ओल्या कचऱ्यात वेगळी टाकली, तर ती खतात जाते. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकली, तर कुणालातरी ती गाठ हाताने सोडावी लागते. आपण ‘टाकलं’ म्हणतो तेव्हा वस्तू संपत नाही, फक्त आपल्या नजरेआड दुसऱ्याच्या हातात जाते. आणि कुंडीत नुसतीच कुजू दिलेली साल म्हणजे मातीला सोडलेला सरवा. सगळ्याचंच काहीतरी बनवलं पाहिजे असं नाही.

महाभारताच्या अश्वमेधिक पर्वात एका मुंगसाची कथा आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध संपतो, दानाची वाहवा चाललेली असते, आणि एक मुंगूस तिथे येतं. त्याचं अर्धं अंग सोन्याचं. ते सांगतं की कुरुक्षेत्रात उंछवृत्तीने जगणाऱ्या एका कुटुंबाने दुष्काळात आपल्या वाट्याचं सातूचं पीठ दारी आलेल्या पाहुण्याला दिलं. चौघांनीही, एकेकाने आपापला वाटा. तिथे सांडलेल्या कणांमध्ये लोळलो आणि अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं व्हावं म्हणून यज्ञामागून यज्ञ फिरतोय. इथेही लोळून बघितलं. काही झालं नाही.

दोन्हीकडे मुंगूस लोळलं ते उरल्यासुरल्यातच. युधिष्ठिराच्या मांडवात तर उरलेलं ढिगाने असणार. फरक पडला तो त्याआधी काय घडलं होतं याने: कुणी कुणाला, कसं आणि स्वतःचं काय बाजूला ठेवून दिलं. सालीतून किती तेल निघेल हे यंत्र सांगेल. ती साल कशी मिळवली, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.